जनरलसाहेबांचा न पोचलेला हुकूम

नसीमचा फोन आला तेव्हा मी उम्म अल कुवैनमधल्या एका बर्फाच्या कारखान्याच्या गच्चीवर होतो. कॉम्प्रेसर बंद पडला होता, मालक खाली उभा राहून ‘यल्ला, यल्ला’ ओरडत होता आणि माझे दोन्ही हात तेलाने माखलेले होते. नसीम, म्हणजे माझी बायको, कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. गच्चीवर चढलेल्या माणसाला घरच्या गोष्टी सांगू नयेत, असं तिचं म्हणणं. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव दिसताच मी तेलकट हातांनीच फोन उचलला. ‘हॉस्पिटलमधून झाराला फोन आला होता,’ ती म्हणाली. ‘जनरलसाहेब गेले. झोपेतच गेले म्हणतात.’ झारा ही आमची मुलगी. जनरलसाहेबांनी हॉस्पिटलात जवळची व्यक्ती म्हणून तिचाच नंबर दिला होता. मुलगा अमेरिकेत, ही मुलगी भिंतीपलीकडे, असा त्यांचा साधा हिशेब. मी मालकाला म्हटलं, ‘हबीबी, खलास, आज नाही होणार.’ तो काहीतरी बोलत राहिला. मी खाली उतरलो, गाडीत बसलो, आणि अबूधाबीतल्या खलिफा सिटीपर्यंतचा तो लांबलचक रस्ता कसा कापला ते मला आज आठवत नाही.

जनरल एल्डन प्रुइट हे नाव या पुरवणीच्या वाचकांनी ऐकलेलं असायचं काही कारण नाही. अमेरिकेतही फार जणांनी ऐकलं असेल असं वाटत नाही. दोन तारे खांद्यावर घेऊन अमेरिकन सैन्यातून निवृत्त झालेला हा माणूस आयुष्याची शेवटची काही वर्षं आमच्या भिंतीला भिंत लावून राहिला. खलिफा सिटीत अशी कंपाउंडं पुष्कळ आहेत. एका मोठ्या व्हिलाचे पाच-सहा भाग पाडायचे, प्रत्येकाला वेगळं दार, अंगण मात्र सगळ्यांचं एक. आमच्याकडे एका भागात इजिप्तचा डॉक्टर, एकात केरळचं कुटुंब, मधे आम्ही, आणि कोपऱ्यातला भाग रिकामा होता. ‘बडा आर्मीवाला आ रहा है,’ असं सांगून वॉचमनने आम्हाला आठवडाभर आधीच घाबरवून ठेवलं होतं. निदान चार बॉडीगार्ड तरी येतील या तयारीत आम्ही खिडकीशी उभे. आला तो कानात मशीन लावलेला, गुडघा जपत चालणारा एक उंच म्हातारा. अंगात हाफ पँट, हातात टोमॅटोच्या रोपाची कुंडी. मागून त्यांची बायको मार्गारेट दुसरी कुंडी घेऊन. नसीमने त्याच संध्याकाळी ताटभर सांदणं पाठवली. दुसऱ्या दिवशी ताट परत आलं तेव्हा त्यात मक्याच्या पिठाचा गोडसर पाव होता. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे या अमेरिकनाला कुणी शिकवलं? मी विचारलं, तर म्हणाले, ‘आमच्या नेब्रास्कात पण भांडं रिकामं परत नाही करत.’

त्यांची कारकीर्द मला तुकड्यातुकड्यांनी कळली, कारण ते स्वतःबद्दल बोलायचे ते थट्टेतच. वडील नेब्रास्कातल्या एका खेड्यात धान्याच्या कोठारावर कामाला. मालगाडीचे डबे मक्याने भरायचे आणि पुढे रवाना करायचे, हे बघत पोरगा वाढला. कॉलेजचा खर्च सैन्य देतं म्हणून सैन्यात गेला. बंदूक चालवायला शिकला, पण नेमणूक झाली रसद पोचवणाऱ्या खात्यात, आणि पुढची सगळी नोकरी तिथेच निघाली. व्हिएतनामची शेवटची वर्षं, मग जर्मनी, मग कोरिया. कुवेतच्या लढाईत वाळवंटात पेट्यांचे डोंगर उभे राहिले होते आणि कुठल्या पेटीत काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. ते डोंगर उपसून ज्याने वेळेवर माल पुढे धाडला तो कर्नल म्हणजे आमचे प्रुइट. तिथे त्यांचं नाव झालं. पुढे इराकच्या वेळी ते जनरल होते आणि कुवेतहून उत्तरेला जाणारे ट्रकचे ताफे त्यांच्या हुकमाने सुटायचे. ‘मी जन्मात कुणावर गोळी झाडली नाही,’ ते सांगायचे. ‘पाणी पोचवलं, डिझेल पोचवलं, आणि सगळ्यांत जास्त टॉयलेट पेपर. त्याबद्दल मेडल देतात, बघ.’ मेडलं कुठे होती देव जाणे. भिंतीवर मार्गारेटचा फोटो आणि एका मालगाडीचं चित्र, बस.

निवृत्तीनंतर ते इथल्या एका कंपनीत सल्लागार म्हणून आले. कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी गेले नाहीत. मार्गारेट इथेच कॅन्सरने गेली, तिला नेब्रास्कात नेऊन पुरलं आणि महिन्याभरात हे परत आमच्या अंगणात. ‘तिकडे थंडी फार,’ हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण त्यांनी एकदा नसीमला सांगितलं. तिकडे दुकानात, बँकेत, पेट्रोल पंपावर कुणी ना कुणी हात पुढे करतो आणि देशाची सेवा केल्याबद्दल आभार मानतो. ‘मला ते सोसत नाही,’ ते म्हणाले. नसीमला वाटलं, केवढा विनयी माणूस. मलाही तसंच वाटलं होतं.

अम्मी गेल्यावर मी अब्बांना हर्णेहून आमच्याकडे आणलं, आणि तिथून या दोघांचं जे जमलं त्याला तोड नाही. अब्बांनी सारी हयात आखातात ट्रेलर चालवला होता. दुबईच्या बंदरातून माल उचलायचा आणि रियाध, दोहा, कुवेत. अब्बांचं इंग्रजी म्हणजे ‘गुड’, ‘नो गुड’ आणि गाडीच्या सगळ्या पार्टांची नावं. जनरलसाहेबांचं हिंदी म्हणजे ‘ठीक है’, ‘चलो’ आणि ‘पानी’. एवढ्या भांडवलावर दोघे संध्याकाळी बदामाच्या झाडाखाली खुर्च्या टाकून बसायचे आणि गल्लीत माल घेऊन येणाऱ्या ट्रकवाल्यांना नावं ठेवायचे. एखाद्याने रिव्हर्स घेताना भिंत घासली की अब्बा म्हणायचे, ‘नो गुड’, आणि जनरलसाहेब मान हलवून म्हणायचे, ‘ठीक नही है.’ अब्बांनी त्यांना कधी मोठा माणूस मानलं नाही. ‘जन्रल, बैठो,’ एवढंच. अमेरिकन सैन्यात हे धाडस कुणी केलं नसेल.

झाराला गाडी चालवायचं लायसन मिळालं, पण पार्किंग येईना. जनरलसाहेबांनी कंपाउंडमधल्या प्लॅस्टिकच्या सगळ्या खुर्च्या मांडून दोन गाड्यांच्या मधली जागा तयार केली आणि पोरीला रोज घाम फोडला. अब्बा पंच. खुर्ची पडली की अब्बा टाळी वाजवायचे आणि झारा आजोबांवर ओरडायची, ‘दादा, स्टॉप इट! जनरल, टेल हिम!’ जनरलसाहेब शांतपणे खुर्ची उचलून पुन्हा जागेवर ठेवायचे. चिडलेले मी त्यांना कधी पाहिलेच नाहीत. फक्त एक गोष्ट नजरेत यायची. अब्बांना जुन्या गप्पा मारायची हौस. इराकच्या लढाईत कंपन्या उत्तरेच्या रस्त्यासाठी ड्रायव्हर शोधत होत्या, पगार दुप्पट, अब्बा निघाले होते, पण अम्मीने फोनवर शपथ घातली म्हणून राहिले. त्यांचा दोस्त दाऊदभाई मात्र त्या कामावर गेला... ही गोष्ट अब्बा रंगवून सांगायचे आणि मी इंग्रजीत सांगायला लागलो की जनरलसाहेब उठून टोमॅटोंना पाणी घालायला जायचे. एकदा पाऊस पडून गेलेला असताना पण गेले.

अब्बा दोन वर्षांपूर्वी गेले. बनियासच्या कब्रस्तानात दुपारच्या उन्हात आम्ही जमलो. जनरलसाहेब काळा सूट घालून आले होते आणि मशिदीच्या दाराबाहेर, चपलांच्या मांडणीशी, ताठ उभे होते. आमच्यात रिवाज आहे. जनाज्याच्या नमाजाआधी घरच्या वारसाने सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, माझ्या वडिलांनी कुणाला वावगं बोललं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचा हक्क मारला असेल, तर ते आता स्वतः माफी मागू शकत नाहीत, त्यांच्या वतीने मी मागतो, माफ करा. लोक म्हणतात, माफ किया. मी हिंदीत बोललो, कारण जमलेल्यांत पाकिस्तानी होते, बंगाली होते, सगळे जुने ड्रायव्हर. ‘माफ किया, माफ किया,’ असा आवाज उठला आणि तोवर आवरून धरलेलं माझं रडू फुटलं.

परत येताना जनरलसाहेब माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, तू काय म्हणालास? मी सांगितलं. त्यांनी कानातलं मशीन नीट बसवलं. मग म्हणाले, ‘आणि ते लोक मोठ्याने उत्तर देतात?’ म्हटलं, हो. ‘एखाद्याने नाही दिलं तर?’ मी म्हटलं, असं कधी ऐकलं नाही. ‘आमच्यात झेंडा घडी करून देतात,’ ते म्हणाले. ‘बंदुका झाडतात. चांगलं चांगलं बोलतात. हे कुणी विचारत नाही.’ मला वाटलं, वृद्ध माणूस आहे, दोस्त गेल्याने हळवा झालाय.

नंतर हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी ते अब्बांच्या खुर्चीशेजारी येऊन बसले आणि त्यांनी मला इराकच्या लढाईतली एक गोष्ट सांगितली. शक्य तेवढं त्यांच्याच शब्दांत लिहितो. उत्तरेला जाणाऱ्या ताफ्यांवर हल्ले व्हायचे. वाटेत एखादा ट्रक बंद पडला आणि त्याच्यासाठी सगळा ताफा थांबला, तर सगळेच मरणार. म्हणून जनरलसाहेबांनी हुकूम काढला. गाडी बंद पडली तर ती तिथेच सोडा, ड्रायव्हरला मागच्या गाडीत घ्या, पुढे चला. गाडी दुसरी मिळेल. ‘मला तो हुकूम फार दयाळू वाटला होता,’ ते म्हणाले. ‘मी तो लिहिला आणि जेवायला गेलो.’ हुकूम इंग्रजीत. ट्रक चालवणारे भारतातले, पाकिस्तानातले, नेपाळमधले, एका कंत्राटदाराने आणलेले. त्यांच्यापर्यंत तो पोचवायचा कंत्राटदाराच्या फोरमनने. फोरमनला काळजी ट्रकची. त्याने ड्रायव्हरांना हिंदीत सांगितलं ते असं, की गाडीची जबाबदारी तुमची, गाडी टाकून आलात तर परत कामावर येऊ नका, पासपोर्टचंही बघून घेऊ. मग एक दिवस एका ट्रकचा टायर फुटला. मागच्या गाडीतले शिपाई ओरडले, ये, चढ. ड्रायव्हर हात हलवून नाही म्हणाला आणि जॅक काढून टायर बदलायला बसला. दुसऱ्या एका ट्रकचा ड्रायव्हर त्याच्या मदतीला थांबला. ताफा निघून गेला. हुकूमच तसा होता. संध्याकाळी लोक परत गेले तेव्हा दोघेही मेलेले होते.

‘चौकशी झाली,’ जनरलसाहेब म्हणाले. ‘हुकूम स्पष्ट होता, माझा दोष नाही, असं ठरलं. इक्बाल, मी चाळीस वर्षं एकच काम केलं. वस्तू पोचवायच्या, आणि पोचल्या की नाही हे तपासायचं. पाण्याची एकेक बाटली मी तपासली. त्या माणसांपर्यंत माझा तो हुकूम पोचला का, हे मी विचारलं नाही. मला सुचलंच नाही की एखादा माणूस ट्रकसाठी थांबेल.’ ते अब्बांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. ‘तुझ्या वडिलांना सांगायचं होतं. ड्रायव्हर होते ते. रोज ठरवायचो. राहून गेलं...’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मी मेलो की तू ते करशील? तुझ्या वडिलांसाठी केलंस ते. त्या ड्रायव्हरांतले कुणी मिळाले तर त्यांच्यासमोर. माझा मुलगा नाही करणार.’ मी म्हटलं, ‘इन्शाल्ला, अजून खूप वेळ आहे.’ ते इतक्या वर्षांनी आखाताला पुरते ओळखून होते. म्हणाले, ‘इन्शाल्ला म्हणजे हो, की नाही?’ मी म्हटलं, ‘हो.’

या उन्हाळ्यात त्यांचं हृदय थकलं. हॉस्पिटलात मी शेवटचा भेटलो तेव्हा त्यांना खोलीतला एसी गरम हवा मारतोय असं वाटत होतं आणि मी धंद्याने एसीवाला असल्यामुळे त्यांनी मला खुर्चीवर चढून जाळी तपासायला लावली. नर्स ओरडली. ते हसले. निघताना मी हात हातात घेतला तर म्हणाले, ‘तू हो म्हणाला होतास.’ मी मान डोलावली. 

मुलगा डॅनियल दुसऱ्या दिवशी आला. तोही सैन्यात, लेफ्टनंट कर्नल. वागायला अदबशीर, ‘सर’ म्हटल्याशिवाय बोलणार नाही, पण चेहरा दगडी. बाप गेल्याचं दुःख तो कुठे ठेवत होता कळत नव्हतं. कागदपत्रं झाली, मृतदेह रसायनं लावून तयार झाला, दोन दिवसांनी विमान. नेब्रास्कात मार्गारेटच्या शेजारी लष्करी इतमामात दफन. मी त्याला वडिलांची इच्छा सांगितली. त्याने नीट ऐकून घेतली. ‘सर, माझ्या वडिलांनी कायदेशीर हुकूम दिला. चौकशीत ते निर्दोष ठरले. आणि तुम्ही म्हणता की एका अंगणात उभं राहून त्यांना गुन्हेगार म्हणायचं?’ मी म्हटलं, गुन्हेगार नव्हे, फक्त माफी, आणि तुम्ही नव्हे, मी बोलणार. ‘तुम्ही त्यांच्या कुटुंबातले नाही,’ तो म्हणाला. हे खरंच होतं. आमच्या रिवाजात सुद्धा वारसच बोलतो.  झारा रागाने लाल झाली होती. ‘हॉस्पिटलने मला फोन केला,’ ती इंग्रजीत म्हणाली. ‘तुला नाही, मला. आणि जनरलनी माझ्या डॅडना विचारलं, तुला नाही.’ नसीमने तिला आत पाठवलं, डॅनियलपुढे चहा ठेवला आणि तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, ‘बेटा, तुझे बाबा माझ्या सासऱ्यांसाठी उन्हात उभे होते. तू आमच्या अंगणात थोडा वेळ उभा राहा. बोलू नको. फक्त उभा राहा.’ त्याने कप उचलून एक घोट घेतला. मग म्हणाला, ‘येस मॅम.’

दाऊदभाईंना मी दुबईतल्या अल कुसैसहून बोलावलं. ते आणखी दोन जुन्या ड्रायव्हरांना घेऊन आले. एक पेशावरचा, एक केरळचा. सगळ्यांच्या दाढ्या पांढऱ्या, एकाच्या हातात काठी. मी त्यांना विचारलं, जनरल ख्रिस्ती, आमचा रिवाज त्यांच्यासाठी चालेल का? दाऊदभाई म्हणाले, ‘अरे, माफीच मागायची ना? ती कोण पण मागू शकतो. तू बोल.’ विमानाच्या आदल्या संध्याकाळी अंगणात बसलो. इजिप्तचा डॉक्टर, केरळचं कुटुंब, जनरलसाहेबांच्या चर्चमधले चार लोक, वॉचमन. डॅनियल मागे भिंतीशी, हात पाठीमागे बांधून. मी उभा राहिलो. हुकूम काय होता, तो कसा पोचला नाही, टायर कसा फुटला, ते सगळं हिंदीत सांगितलं आणि म्हटलं, ‘ही चूक जनरलसाहेबांनी स्वतःची मानली. ते आता बोलू शकत नाहीत. त्यांच्या वतीने मी माफी मागतो.’

‘माफ किया’ असा आवाज आलाच नाही.  पेशावरवाले खाली बघत होते. दाऊदभाई हळूहळू उठले आणि मराठीतच बोलले. ‘इक्बाल, हा आपल्या हमीदचा किस्सा हाय. गुहागरकडचा हमीद. टायर बदलायला बसला तो. मदतीला थांबला तो नेपाळी, त्याच्या घरचा पत्ता कोणाला ठाऊक नाय. आम्ही पुढच्याच ताफ्यात होतो. तुझ्या अब्बाला पण ठाऊक होता हा किस्सा. हमीद गाडीजवळ राहिला, असंच आम्ही सगळे बोलतो.’ ते थांबले. ‘मी माझ्यापुरतं माफ केलं. हे दोघं पण करतील. पण हमीदच्या वतीने मी कसं माफ करू? त्याची बायको हाय, मुलगा हाय. त्यांना कोणी जाऊन विचारलं काय?’

डॅनियल पुढे आला होता. ‘काय म्हणाले ते?’ मी शब्दन् शब्द सांगितला. तो दाऊदभाईंच्या अगदी समोर आला. मग त्याने विचारलं, ‘त्याला नाव होतं?’ आणि लगेच स्वतःच कपाळावर हात मारून घेतला, म्हणाला, माझ्या बोलण्याचा अर्थ तसा नव्हता. दाऊदभाईंना इंग्रजी कळत नव्हतं तरी त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दगडी चेहऱ्याच्या माणसाने तिथे, सगळ्यांसमोर, तोंड झाकून घेतलं. एअरपोर्टवर माझा निरोप घेताना तो म्हणाला, ‘तुम्ही जाल हमीदच्या घरच्यांकडे? मी गेलो तर ते मला चहा पाजतील आणि काही बोलणार नाहीत. तुम्ही जा. आणि सौम्य करून सांगू नका. हुकूम माझ्या वडिलांचा होता, तो पोचला नाही, जसं आहे तसं सांगा.’ या वेळी त्याने मला ‘सर’ म्हटलं नाही, ‘इक्बाल’ म्हटलं.

गेल्या पंधरवड्यात मी सुट्टी घेऊन गावी आलो आणि खाडी ओलांडून हमीदच्या घरी गेलो. जैनबभाभी ओट्यावर कोकमं सुकत घालत होत्या. दाऊदभाईंनी फोन केला होता, त्यामुळे मी कोण ते त्यांना ठाऊक होतं. पण त्यांना वाटलं होतं, कुणीतरी मदत घेऊन आलंय. ‘काय नको आम्हाला,’ त्या आधीच म्हणाल्या. ‘मुलगा कमावता हाय. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. ड्रायव्हर काय मी त्याला होऊ दिला नाय.’ मी म्हटलं, मदत नाही, एक निरोप आहे. त्या कोकमं पसरत राहिल्या आणि न विचारताच बोलायला लागल्या. कंपनीचा माणूस आला होता तेव्हा त्याने सांगितलं होतं, की हमीदला गाडी सोड म्हणून सगळ्यांनी ओरडून सांगितलं, त्याने ऐकलं नाही, हट्टी होता. तेव्हापासून गावात तेच. लोखंडासाठी जीव दिला येड्याने. त्यांचे सासरे पण मरेपर्यंत तेच बोलत गेले. ‘मी पण बोलले,’ भाभी म्हणाल्या. ‘कबरीचं तोंड नाय बघितलं, पण रोज भांडले त्यांच्याशी. पोर पाळण्यात होतं. पोराचा विचार नाय केला तुम्ही, ट्रकचा केला.’

मी सांगितलं. जनरलसाहेब कोण, त्यांचा हुकूम काय होता, फोरमनने त्याचं काय केलं, आणि ड्रायव्हरांना शेवटी काय सांगितलं गेलं. सौम्य केलं नाही. त्यांचे हात थांबले. ‘म्हणजे यांना कोणी सोड म्हणून सांगितलंच नव्हतं?’ म्हटलं, शिपाई ओरडले ते इंग्रजीत. त्याआधी त्यांना जे सांगितलं होतं ते उलटं. गाडी सोडली तर काम गेलं, पासपोर्ट गेला. ‘म्हणजे ते आमच्यासाठीच...’  पदर तोंडाशी धरून त्या नुसत्या डोलत राहिल्या. थोड्या वेळाने मला आठवलं मी कशासाठी आलोय. म्हटलं, ‘भाभी, जनरलसाहेबांनी तुमची माफी मागितली आहे. मरताना त्यांचं तेवढंच मागणं होतं.’

‘माफीचं नंतर बघू,’ त्या म्हणाल्या आणि उठून घराच्या मागच्या बाजूला तोंड करून मोठ्याने हाक मारली, ‘अश्फाक! हातातलं ठेव आणि इकडे ये!’ तेलाचे हात पुसत एक उंच तरुण ओट्यावर आला. त्यांनी त्याला दंडाला धरून माझ्यासमोर बसवलं आणि स्वतः त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. ‘याच्यासमोर पुन्हा सांगा,’ त्या मला म्हणाल्या. ‘सगळं सांगा. पहिल्यापासून.’

मी पहिल्यापासून सुरुवात केली. म्हटलं, अबूधाबीला आमच्या शेजारी एक जनरल राहायचे...